ओली रेघ

अंबाजोगाईत छबुबाईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या गहिनीनाथला गल्ली ‘चायनाचा डॉक्टर’ म्हणायची. चीनमधून डॉक्टरकी शिकून आला होता खरा, पण इथली परीक्षा काही केल्या निघत नव्हती. पास झाल्याशिवाय तेलगावला घरच्यांना तोंड दाखवायचं नाही, असं त्यानेच ठरवून टाकलं होतं. दिवस दिवस तोंडातून शब्द फुटायचा नाही. बोलणार कुणाशी?

त्यात एके दुपारी लक्षात आलं, आपण चिनीही विसरत चाललोय. तिकडे सगळं मोबाइलवर केलेलं. अक्षर दिसलं की ओळखायचं आणि बोट लावायचं. हाताने एकही येत नव्हतं. मग तिकडच्या बागेतले म्हातारे करायचे तसं त्याने सुरू केलं. ब्रश पाण्यात बुडवायचा आणि न बघता, मनातून, शहाबादी फरशीवर अक्षर काढायचं. उन्हाळ्याचे दिवस. अक्षर बघता बघता वाळायचं आणि फरशी पुन्हा कोरी व्हायची.

‘घर’ या अक्षराने त्याला फार छळलं. वर छप्पर, छपराखाली डुक्कर, अशी त्याची घडण. छप्पर जमायचं, डुकराचा मागचा पाय काही केल्या आठवायचा नाही. वैतागून तो खोलीला कुलूप लावून चहाला गेला. परत आला तेव्हा त्याने काढलेलं सगळं वाळून गेलं होतं. फरशीवर एकच तिरपी रेघ होती, ओली. राहिलेला पाय.

तो खाली धावला. “मावशी, वर कोनी आलतं का?”

छबुबाई शेंगा फोडत होत्या. “कोन येतंय बाबा? किल्ली तुझ्यापशी. कावून, काय गेलं का?”

“न्हाई. गेलं काई न्हाई.”

“मंग असा पांढराफटक कावून पडलास?”

भीती वाटली थोडी. पण खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला. या गावात त्याचं लिहिलेलं वाचणारं कुणीतरी होतं!

मग हा रोजचाच उद्योग झाला. अक्षर काढायचं, कुलूप लावून जिन्यात बसायचं, परत येऊन बघायचं. चूक तिथे ओली रेघ. बरोबर असेल तर काहीच नाही. ‘तू कोण?’ असंही त्याने लिहून पाहिलं. उत्तर आलं नाही, त्यात विसरलेलं टिंब तेवढं आलं. प्रत्येक दुरुस्ती तो मोबाइलवर ताडून बघायचा. एकही कधी चुकीची निघाली नाही.

हळूहळू हात बसला. चुका संपल्या आणि कोरी फरशी त्याला खायला उठू लागली. म्हणून तो मुद्दाम चुकू लागला, पण मुद्दाम केलेल्या चुकांना कुणी हात लावीना. त्या आठवड्यात त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी त्याने मनातलंच लिहिलं. चिनीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. त्याने जुन्या चिनी पोथ्यांतल्यासारखी, मधला शब्द गाळून, दोनच अक्षरं काढली: ‘दोन माणसं’. आपण एकटे नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. लिहिताना डोळे भरून आले. यात खोटं काही नव्हतं.

या वेळी तो बाहेर गेला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला.

मागे भांड्यातलं पाणी हललं.

ब्रश त्याच्या हातातच होता.

तो वळला. ‘माणूस’ जसंच्या तसं होतं. ‘दोन’च्या दोन रेघांमध्ये मात्र, अगदी नेमक्या जागी, तिसरी आखूड रेघ आली होती.

खोलीभर नजर फिरवायचा त्याला धीर होईना.

“डॉक्टर,” खालून छबुबाईंची हाक आली, “पाव्हणे आले का रं? लई पावलं वाजायलीत वर. किती जनाचा चा टाकू?”