अकरा घरचं विरजण

हेमांगी सरनोबत रोज संध्याकाळी आपला उष्टा चमचा कोमट दुधात फिरवायची, आणि त्या वेळी तिच्या सासूबाई, आक्का, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. दोन वर्षं हा रोजचा कार्यक्रम होता. आक्कांनी जन्मात कधी पारोशा हातानं विरजण लावलं नव्हतं. आता त्यांच्याच ओट्यावर सून चमचा चाटणार आणि तोच दुधात घालणार. डोळ्यांनी बघवत नाही आणि बंद कर म्हणता येत नाही, म्हणून मग खिडकी.

*सूचना ३. चमचा तोंडात दहा सेकंद धरावा. धुऊ नये. लगेच दुधात फिरवावा.*

हे पत्रक औषधाच्या डब्यातून आलेलं होतं. डब्यात औषध म्हणून निघालं ते चमचाभर दही.

त्यामागची कल्पना अशी. हेमांगीच्या मोठ्या आतड्याला जुनाट दाह होता. शरीराचे पहारेकरी चोर समजून घरच्याच माणसांना बडवत सुटतात, तसा हा आजार. जखमा होतात, रक्त जातं, दिवसाला पंधरा-पंधरा वेळा धावावं लागतं. गोळ्यांनी पहारेकरी शांत होतात, पण किती गोळी केव्हा लागेल हे गोळीला कळत नाही. शास्त्रज्ञांनी मग दह्यातल्या जिवाणूंना दोन गोष्टी शिकवल्या. एक, लाळेत दाहाची जी चाहूल असते ती ओळखायची आणि लक्षात ठेवायची. दुसरी, आतड्यात गेल्यावर त्या हिशोबानं शामक द्रव्य तयार करायचं. दाह जास्त तर औषध जास्त. याला नाव पडलं जाणतं विरजण. रोज उष्टा चमचा मिळाला की ते त्या माणसाला ओळखून असतं. नाही मिळाला तर चार-सहा दिवसांत विसरतं आणि साधं दही होऊन बसतं.

सोबत रोजची एक गोळी होतीच. आणि पथ्य: मऊ भात, तोही शिजवून गार केलेला, कारण गार भातातला पिष्टांश पचनातून सुटून खालपर्यंत जातो आणि तिथं या जिवाणूंचं जेवण होतो. तांबडा रस्सा बंद. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा बंद, यावर तिच्या नवऱ्यानं, विश्वासनं, दोन वर्षं विनोद केले आणि मग तोही पांढऱ्यावर आला.

एवढं केलं की हेमांगीला पाणी मिळत होतं.

पाणी म्हणजे पोहण्याचा तलाव. ती पोहायला शिकवायची. आजारात सहा वर्षं तिनं पाण्यात पाय घातला नव्हता. का, ते ज्याला हा आजार आहे त्याला विचारावं लागत नाही. दह्यानं तिला परत पाण्यात उतरवलं. सकाळी साडेसहाला चाळीस पोरी काठावर कुडकुडत उभ्या असायच्या आणि ती मधोमध, छातीभर पाण्यात, दोन-दोन तास.

*सूचना ४. हे विरजण कुणालाही देऊ नये, कुणाकडूनही घेऊ नये.*

मार्चमध्ये आक्का आठ दिवस लेकीकडे गडहिंग्लजला गेल्या आणि घोळ झाला.

हेमांगीनं आजवर फक्त चमचा फिरवला होता. दूध तापवणं, निववणं, झाकण, फडकं, सगळं आक्का. एका संध्याकाळी स्पर्धेच्या गडबडीत तिनं कढत दुधात विरजण घातलं. सकाळी भांड्यात दूध होतं तसंच होतं. जिवाणू मेले होते. फ्रिजमध्ये जपून ठेवायची राखीव बाटली सहा महिन्यांत बदललेली नव्हती, तीही निकामी. आणि मग हेमांगीनं सूचना मोडण्यापेक्षा वाईट काम केलं. कोपऱ्यावरच्या डेअरीतलं दही आणून तेच दुधाला लावलं. छान लागलं, घट्ट, वर साय. आक्का परत आल्या, झाकण उघडून म्हणाल्या, "जमतंय की गं तुला."

या शाबासकीपायी ती गप्प बसली. तीन आठवडे ती मन लावून साधं दही खात होती.

चौथ्या आठवड्यात रक्त आलं.

डॉ. इंद्रायणी मुतालिक यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या आतड्यांच्या डॉक्टर होत्या, आणि हे विरजण तयार करणाऱ्या गटात त्यांनी काम केलं होतं. रागावल्या नाहीत, म्हणून हेमांगीला जास्त भीती वाटली. आणखी दहा दिवसांनी, जोरदार औषधं सलाइनमधून देऊनही उतार पडला नाही तेव्हा त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि मोठ्या आतड्याभोवती एक रेघ फिरवली. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर हे काढावं लागेल. शौचासाठी पोटाला पिशवी येईल. पिशवी लावून लोक पोहतातही, त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. पण हेमांगी त्या रेघेकडेच बघत राहिली.

नवं विरजण मागवता येईल का, असं तिनं विचारलं.

"येईल. कोऱ्या विरजणाला तुमची ओळख पटायला पाच आठवडे लागतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे दोन आहेत."

त्या संध्याकाळी आक्का तिच्या पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत होत्या.

"हेमा, एक सांगते. विश्वासला सांगू नको. मी दिलंय."

"काय दिलंय?"

"विरजण. मगदुमांच्या घरी. दीड वर्ष झालं. त्यांचं नासलं होतं, सूनबाई वाटी घेऊन दारात उभी. दारात आलेल्या बाईला विरजण नाही कसं म्हणू? तुझ्या त्या कागदावर लिहिणाऱ्याला म्हणावं, तू म्हणून दाखव."

"फक्त मगदूम?"

आक्का परत पदराकडे वळल्या. मग बोटं दुमडत मोजू लागल्या. आधी त्यांनी तीन घरांत दिलं होतं. त्या तिघांनी पुढं दिलं. गल्लीत कुणाचं दही बिघडलं की मागायचं कुणाकडं हे ठरलेलंच होतं, कारण सरनोबतांच्या दह्यासारखं दही लागत नव्हतं. अकरा घरं. उष्ट्या चमच्याचं मात्र आक्कांनी एकालाही सांगितलं नव्हतं. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः अकरा वाट्या गोळा करत फिरल्या. स्टीलच्या, काचेच्या, एक चिनी मातीची कान तुटलेली, एक प्लॅस्टिकचा श्रीखंडाचा डबा. प्रत्येकीला सांगितलं, आमचं नासलं. डॉ. मुतालिकांच्या टेबलावर त्या अकरा वाट्या ठेवताना त्यांनी प्रत्येकीखाली घराचं नाव लिहिलेली चिठ्ठी सरकवली आणि म्हणाल्या, वाट्या परत लागतील.

दहा वाट्या मुक्या होत्या. जिवाणू जिवंत, पण त्यांच्या लक्षात काही नव्हतं, कारण त्या घरांत विरजण स्वच्छ चमच्यानं लागत होतं. अकरावी वाटी मगदुमांची.

"ही ओरडते आहे," डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावरची रेघ त्यांनी हेमांगीला दाखवली. "या दह्याला रोज उष्टा चमचा मिळतो, अनेक महिने. आणि ज्याचा मिळतो त्या माणसाला तुमच्यासारखाच दाह आहे. तुमच्याइतका. थोडा जास्तच."

हेमांगीला आधी फक्त एवढंच कळलं की औषध सापडलं. ती रडायला लागली आणि हसायलाही. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, आणि पुढचं सांगितलं. हे दही रोज मगदुमांकडून ताजं आणायचं, तपासून मगच खायचं. त्यातलंच थोडं घरी वेगळं लावून त्याला स्वतःचा चमचा द्यायचा. आजारी माणसाची सवय असलेलं हे विरजण कोऱ्यापेक्षा लवकर नवी ओळख धरतं. बारा-पंधरा दिवसांत हेमांगीचं भांडं स्वतःच्या पायावर उभं राहील.

"तोवर त्यांचं दही असंच राहील ना?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "तो माणूस आजारी आहे तोवर राहील. उपचार सुरू झाले की आठवड्याभरात त्याच्या लाळेतली चाहूल उतरेल आणि दहीही उतरेल."

"पण इतकं औषधी दही घरात आहे, मग तो माणूस आजारी कसा?"

"खात नसणार," डॉक्टर म्हणाल्या. "नुसता लावतो."



"हे मी त्यांना सांगू शकत नाही," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "त्यांनी आपल्याला दही दिलं, तपासायची परवानगी दिली नाही. सांगायच्या परवानगीसाठी मी दवाखान्याच्या समितीकडे अर्ज टाकते आहे, त्याला तीन आठवडे लागतील. तुमच्यावर तसलं काही बंधन नाही. तुम्ही काय करावं, हे मी बोलणार नाही."

*सूचना ११.* अशी सूचना नाही. पत्रक दहावर संपतं.

पहिला दिवस. मगदुमांच्या घरी तीन माणसं: सासरे, मुलगा आणि सून दीपश्री, वय सव्वीस. हेमांगी वाटी घेऊन दारात उभी राहिली. दीपश्रीनं वाटी भरून दिली.

दुसरा दिवस. संध्याकाळीच गेली. दीपश्री दूध कोमट झालंय का ते चमच्यानं घोटभर पिऊन बघते आणि त्याच चमच्यानं विरजण ढवळते. सवयच आहे तिची. बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. दही तू खात नाहीस का, असं विचारल्यावर म्हणाली, "मला बाधतं, ताई."

तिसरा. दीपश्री पाच मिनिटांत दोनदा आत गेली. दोन्ही वेळा गॅस बघून येते म्हणाली. गॅस बंद होता.

पाचवा. हेमांगी सांगायचं ठरवून गेली. सासरे घरी होते.

सहावा. सासरे घरी नव्हते.

सातव्या दिवशी हेमांगीचं रक्त थांबलं.

आठवा. दीपश्री माहेरच्या लग्नाला जाणार नाही म्हणाली, प्रवासात गाडी लागते. कधीकाळी हेच कारण हेमांगीनं सहा लग्नांना दिलं होतं.

नववा, दहावा. वाटी. वाटी.

या दिवसांत हेमांगी वाईट बाई झाली नव्हती, हे सांगायला हवं. ती गार भात खात होती, गोळी घेत होती, रात्रभर सलग झोपत होती, आणि जाग आली की तिला फार बरं वाटत होतं. पोट दुखत नाही म्हणजे काय, हे ज्याचं दुखलेलं नाही त्याला कळायचं नाही. त्या बऱ्या वाटण्याच्या आत कुठंतरी दीपश्रीच्या हातातला घसरलेला चुडा होता. उद्या सांगू, असं ती रोज मनापासून ठरवायची. आणि रोज संध्याकाळी मगदुमांच्या पायरीवर चढताना तिच्या मनात एक भीती असायची, ती म्हणजे आज ही पोरगी जरा बरी तर दिसणार नाही ना.

बाराव्या दिवशी डॉ. मुतालिकांनी तिच्या घरच्या भांड्याची तपासणी केली. दही तिला ओळखत होतं. आतड्याच्या जखमा भरत आल्या होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख खोडली आणि तो कागद तिलाच दिला. महिन्याभरात पाण्यात उतरा म्हणाल्या.

हेमांगी दवाखान्यातून घरी गेली नाही. सरळ मगदुमांकडे गेली.

दीपश्री एकटीच होती. हेमांगीनं तिला खाली बसवलं आणि आधी स्वतःचं सांगितलं. पंधरा-पंधरा वेळा धावणं, रक्त, तलावाच्या काठावरून मागं फिरणं, कुठल्या कार्यालयात संडास कुठल्या बाजूला आहे ते पाठ असणं. ऐकता ऐकता दीपश्रीचा चेहरा पांढरा पडत गेला.

"घरात कुणाला सांगितलंस?" हेमांगीनं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. मग अगदी हळू म्हणाली, "कॅन्सर हाय ना ताई हा?"

"नव्हे गं."

"मी नेटवर वाचलं."

"मीही वाचलं होतं. नव्हे. याला नाव आहे, गोळी आहे, पथ्य आहे. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं."

दीपश्री मग इतकी रडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि त्यावर दोघींना हसू फुटलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. वर्षभर मुठीत धरलेलं काहीतरी तिनं सोडून दिल्यासारखे तिचे खांदे खाली आले.

हेमांगीनं तिला दह्याचंही सांगितलं. की ती दीड वर्ष स्वतःच्या हातानं स्वतःचं औषध लावत होती आणि सासऱ्यांना, नवऱ्याला, आल्यागेल्याला वाढत होती. दीपश्रीला ते आधी खरंच वाटेना. मग ती उठली, भांड्यातलं दही वाटीत काढून आणलं आणि भीतभीत पहिला चमचा तोंडात घातला. दुसरा. तिसरा जरा निवांत.

"तुम्हाला कधी कळलं, ताई?" तिनं विचारलं.

"काल," हेमांगी म्हणाली.

दीपश्रीनं मान डोलावली. वाटीतलं अर्धं दही संपलं होतं. उरलेलं अर्धं तिनं हेमांगीपुढं सरकवलं.

"तुम्हालाही लागतंच की," ती म्हणाली. "घ्या."