दोघांचा गेम

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, भरदुपारची. सीताबर्डीत माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, पंकजचं, जुन्या व्हिडिओ गेमचं छोटंसं दुकान आहे. जरीपटक्यात एका बंद गेम पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचं उभं मशीन पडून आहे असं कळलं, म्हणून आम्ही ते बघायला गेलो.

उन्हानं गल्ली ओस पडली होती. कुसुमावतीबाईंनी शटर अर्धं वर केलं. आत अंधार, आणि उंदरांचा, गंजाचा, फुगलेल्या प्लायवूडचा कोंदट वास. पार्लर त्यांच्या मुलाचं, प्रेमानंदचं. याच मशीनवर खेळता खेळता तो गेला, हे त्यांनीच सांगितलं.

"न्यायचं तर न्या," त्या हळूच म्हणाल्या. "पण इथं चालू नोका करू वं. त्याले एकट्याले खेळनं आवडत नाही..."

त्या पाणी आणायला घरात गेल्या. तेवढ्यात पंकजनं बटण दाबलंच. कधी ऐकतो तो माझं!

आत काहीतरी किरकिरलं. काच हिरवट उजळली. घासलेल्या आवाजात धून सुरू झाली आणि पडद्यावर दोन पहिलवान उभे राहिले.

"ताई, दुसरा काहून आला? मी तर एकट्याचा गेम लावला."

शेजारची, दुसऱ्या खेळाडूची खेळायची दांडी हलली. टक... टक... तिच्यावर कोणाचाच हात नव्हता.

पंकज आधी हसला. "वायर खराब असन," म्हणाला आणि खेळत राहिला. मग त्याचं हसू थांबलं. पडद्यावर त्याचा पहिलवान मार खात होता. वरची जिवाची पिवळी पट्टी उतरत होती, आणि इकडे पंकजचे ओठ पांढरे पडत होते.

"बस झालं. सोड ते."

"सुटून नाही राहिले... ताई, हात सुटून नाही राहिले..."

करंट लागला, मला वाटलं. प्लग मशीनच्या मागे, हात पोचेना. पट्टीत नखाएवढा पिवळा रंग उरला होता. मी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचललं आणि त्याच्या हातांवर जीव खाऊन हाणलं. तो कोसळला. बखोटीला धरून मी त्याला शटरखालून उन्हात ओढलं.

आत धून थांबली. दांडी मात्र चालूच होती... टकटकटक, घाई झाल्यासारखी.

कुसुमावतीबाई तांब्या घेऊन दारात उभ्या. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आतल्या अंधाराकडे बघत त्या पुटपुटल्या, "जाऊ दे ना रे बापा... जाऊ दे त्याले."

मशीन तिथंच सोडून मी पंकजला ऑटोत घातलं आणि धंतोलीत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट तपासलं.

"करंटची खूण कुठंच नाही," त्या म्हणाल्या. स्टुलाचा मार मनगटाच्या वर लागला होता. त्यांनी त्याचे पंजे उजेडात धरले. "पण यांचे हात कोणी दाबून धरले होते?"

दोन्ही पंजांच्या पाठीवर चार-चार बोटांचे काळेनिळे वळ. मी वाकून बघितलं. बोटांची टोकं पंकजच्या मनगटाकडे होती.

म्हणजे धरणारा त्याच्या समोर होता. आणि समोर तर... नुसती काच होती.