बरगीच्या चढावरचा चौथा ठोका

"मी नाही उतरणार! आधी मावशीची माफी मागा, मग उतरते!"

शैलजाने व्हॅनचा दरवाजा आतून धाडकन लावून घेतला आणि काचही वर केली. गॅरेजमधली सगळी माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. सुट्टीचे दिवस, भर दुपार, फुकटचा तमाशा कोण सोडतो!

बाहेर भय्यासाहेब उभे होते. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या ट्रॅव्हल्सचे मालक ते, आणि ही व्हॅन त्यांचीच. शेजारी गॅरेजवाले गुणवंतजी, काखेत लॅपटॉप घेऊन. आणि जरा बाजूला, किल्ली मुठीत आवळून, शैलजाची कुंदामावशी. भय्यासाहेबांच्या गाड्यांवरची ती एकुलती एक बाई ड्रायव्हर.

झालं होतं असं की, गेले काही दिवस बरगी धरणाकडे जाताना चढावर व्हॅन अडखळायला लागली होती. काल तर ट्रकला ओलांडताना ऐन वेळी गाडीने मान टाकली! मावशीने कशीबशी गाडी मागे घेतली म्हणून निभावलं. मावशीचं म्हणणं एकच, इंजिनात काहीतरी बिघडलंय. पण गुणवंतजींनी लॅपटॉप जोडला, दोन बटणं दाबली आणि निकाल देऊन टाकला.

"इंजिन एकदम ओके. कॉम्प्युटर खोटं बोलते का? बाईमाणसाचा हात आहे, भय्यासाहेब. गिअर चुकून राहिल्या, दुसरं काय!"

"तेच म्हटलं मी," भय्यासाहेब म्हणाले. "कुंदाबाई, रविवारच्या सहलीपासून दुसरा ड्रायव्हर येईल. तुम्ही ऑफिसात बसा, फोन घ्या. तेही कामच आहे की."

मावशीने मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. मोठ्या गाडीचं लायसन्स काढण्यासाठी तिने घरातल्या प्रत्येकाशी भांडण केलं होतं. तिला असं मान खाली घालून उभी पाहून शैलजाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"शैलू, उतर बेटा," मावशी हळूच म्हणाली. "चलो, घरी जाऊ."

"काहून उतरू? चूक गाडीची, आणि शिक्षा तुला?"

"वा गं वा!" गुणवंतजी हसले. "तुले कसं माहीत चूक गाडीची? सिद्ध कर!"

"करीन!" शैलजाने काच खाली केली. "रविवारच्या आत करून दाखवीन. नाही केलं तर पुन्हा या गॅरेजात पाऊल टाकणार नाही!"

"हे तर माझ्यासाठी चांगलंच होईल," गुणवंतजी म्हणाले, आणि सगळं गॅरेज हसलं.

बोलून तर बसली, पण आता? घरी पोचल्या पोचल्या शैलजाने आपली फौज गोळा केली. फौज म्हणजे दोघंच. सुट्टीसाठी अमरावतीहून आलेला मावसभाऊ श्रीरंग आणि शेजारची इंदू. श्रीरंगला मोबाइलच्या पोटात काय काय दडलंय ते शोधायचं वेड. इंदू सगळ्यांत धाकटी. तिला मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की निम्मी हिंदी बाहेर पडायची.

"मोबाइलमध्ये हादरे मोजणारा सेन्सर असतो," श्रीरंग म्हणाला. "आमच्या सरांनी त्यावर प्रयोग करून घेतला होता. गाडीत घट्ट बांधला की प्रत्येक धक्का नोंदला जाईल."

"आणि मैं क्या करूँ?" इंदूने विचारलं.

"तू इंजिनाच्या वेगाचा काटा वाचायचा. मोठ्यानं!"

"दीदी, मोठ्यानं तर मी रोजच बोलते!"

दुसऱ्या दिवशी मावशीला बरगीहून एका कुटुंबाला आणायला जायचं होतं. जाताना गाडी रिकामी, मग काय, तिघं चढले. शैलजाने ओढणीने मोबाइल सीटच्या लोखंडी पायाला आवळून बांधला. चढ लागला, आणि गाडी आजारी माणसासारखी खोकायला लागली.

"काटा दोन हज़ार पे! अब भी दो हज़ार!" इंदू ओरडत होती.

"अगं, मी बहिरी नाही!" मावशी म्हणाली. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच ती हसली होती.

घरी येऊन त्यांनी मोबाइल उघडला मात्र, तिघांचे चेहरे उतरले. पडद्यावर सगळा गोंधळ होता. उंच-सखल, वेड्यावाकड्या रेघाच रेघा!

"ये तो मेरी ड्रॉइंग जैसा है," इंदू म्हणाली.

"रस्त्याचे खड्डे मिसळलेत ना त्यात," श्रीरंग म्हणाला. "गाळून टाकू. इथे गाळणी आहे बघ, जितकं बोट पुढे सरकवू तितके धक्के गाळले जातात." आणि त्याने बोट पार टोकापर्यंत सरकवलं. रेघ एकदम सपाट झाली. एकसुद्धा धक्का उरला नाही!

"घ्या!" श्रीरंगने कपाळाला हात लावला. "आपल्या हिशेबाने गाडी ठणठणीत! आता आपणही गुणवंतजी झालो!"

इंदू खो खो हसली. शैलजाही हसली, आणि मधेच थांबली.

"श्री... काय म्हणालास तू?"

"कुठे काय? गुणवंतजी झालो म्हटलं."

"गाडीच्या कॉम्प्युटरातही अशी गाळणी असते का रे?"

"असणारच. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला त्याला वाटेल, इंजिन बिघडलं."

स्वयंपाकघरात मावशी रवा चाळत होती. चाळता चाळता तिचा हात थांबला.

"तसंच व्हायचं," ती म्हणाली. "आधी दर खड्ड्याला समोरचा पिवळा दिवा लागायचा, इंजिन बघा म्हणून. प्रवासी घाबरायचे. मग भय्यासाहेबांनी गाडी गॅरेजात पाठवली. गुणवंतजींनी लॅपटॉप लावून सेटिंग बदललं. त्यानंतर दिवा कधी लागलाच नाही. त्यांच्याकडे सगळ्यांच्याच गाड्या तशा करून देतात. जबलपूरचे रस्ते, दुसरं काय करणार म्हणतात."

शैलजा ताडकन उठली. "मावशी! त्यांनी खड्डे गाळता गाळता इंजिनाचा आजारच गाळून टाकला! आणि वर म्हणतात, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही! त्याचं तोंड यांनीच बंद केलं ना!"

मग तिघं इरेला पेटले. गाळणी हळूहळू मागे आणली. खड्ड्यांचे मोठे उंचवटे काढायचे, पण बारीक थरथर राखायची. श्रीरंग सरकवायचा, इंदू "ज़्यादा हो गया!" म्हणून ओरडायची, पुन्हा मागे. शेवटी पडद्यावर एक नक्षी उमटली. तीन दात उंच, चौथा बुटका. तीन उंच, एक बुटका. चढभर तेच!

मावशी पदराला हात पुसत जवळ आली आणि बघतच राहिली. "इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात आळीपाळीने पेट्रोल पेटतं, तेव्हा गाडीला जोर मिळतो."

"म्हणजे चौघांतला एक जण पाळी चुकवतोय!" शैलजाने टाळ्या वाजवून दाखवल्या. टाप, टाप, टाप... आणि चौथी टाळी हवेतच. "मावशी, तुझा हात नाही चुकत गं! इंजिनाचा चौथा ठोका चुकतोय!"

मावशीचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली, "ते लोक मानणार नाहीत, शैलू."

"न मानून सांगतात कोणाला!"

शनिवारी सकाळी फौज गॅरेजात हजर. गुणवंतजींनी मोबाइलकडे नीट पाहिलंही नाही.

"हे? हा तर रस्त्याचा हादरा. आणि गाडी कोण चालवत होतं? कुंदाबाई!"

शैलजा याचीच वाट बघत होती. "मग आज तुम्ही चालवा."

"मी?"

"हो. मावशी मागे बसेल, आमच्यासोबत. भय्यासाहेब तुमच्या शेजारी. का, गिअर टाकता येत नाही का?"

आता गॅरेजमधली माणसं गुणवंतजींकडे बघून हसायला लागली. ते लॅपटॉप काखेत मारून तणतणत स्टीअरिंगवर जाऊन बसले. भय्यासाहेबही, घड्याळात बघत का होईना, चढले. श्रीरंगने मोबाइल पुन्हा सीटच्या पायाला आवळून बांधला.

चढ आला. गाडी खोकली!

"तुमचाही हात बाईमाणसाचाच दिसतो, काका!" श्रीरंग मागून म्हणाला. भय्यासाहेबांनी मिशीआड हसू लपवलं.

"रस्ता खराब आहे!" गुणवंतजी गुरकावले. "खड्ड्यात कोणतीही गाडी हादरेल!"

"अच्छा? मग खाली उतरून पुन्हा याच चढावर घ्या," शैलजा म्हणाली. "वेग हाच ठेवा. पण आत्ता गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती ना? आता दुसऱ्यात चढवा."

"त्यानं काय होईल?" भय्यासाहेबांनी विचारलं. आता त्यांनाही राहवत नव्हतं.

"रस्ता तोच, वेग तोच, म्हणजे खड्डे त्याच जागी यायला हवेत. पण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जास्त जोरात फिरतं. धक्का रस्त्याचा असेल तर बदलणार नाही. इंजिनाचा असेल तर तोही भरभर येईल. खड्ड्याला काय माहीत, गाडी कितव्या गिअरमध्ये आहे!"

गाडी पुन्हा चढली. इंजिन घोंघावलं. "काटा तीन हज़ार के ऊपर!" इंदूने घसा फोडून सांगितलं. वर पोचल्यावर श्रीरंगने दोन्ही चित्रं, या वेळी खड्डे न गाळता, एकाखाली एक धरली. खड्ड्यांचे उंचवटे अगदी एकाखाली एक आले. पण तीन उंच, एक बुटका अशी ती दातांची रांग खालच्या चित्रात दाटीवाटीने उभी होती.

भय्यासाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"गुणवंत," ते म्हणाले, "ते सेटिंग होतं तसं कर. आत्ता. इथेच."

गुणवंतजींनी मुकाट्याने लॅपटॉप जोडला. परत त्याच चढावर गाडी निघाली, आणि समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला! खड्डा संपला तरी लुकलुकतच राहिला. गॅरेजात इंजिन उघडलं, तेव्हा एका सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला केसासारखी बारीक चीर गेलेली सापडली. थंड असताना ती गुमान काम करायची. तापली आणि चढावर जोर पडला की दगा द्यायची.

गुणवंतजींनी ती कॉइल हातात घेतली. उलटीपालटी करून पाहिली. "बाई, चुकलं माझं," ते मावशीला म्हणाले. "दिवा विझवला आणि काम झालं समजलो."

"दिवा मीच विझवायला सांगितला होता," भय्यासाहेब म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांची मान खाली होती. "आणि तुम्ही सांगून राहिल्या होत्या, तर ऐकलंही नाही. कुंदाबाई, माफ करा. त्या दिवशी ट्रकपुढे काही झालं असतं तर... उद्याची सहल तुम्हीच न्या."

त्यांनी किल्ली पुढे केली. शैलजाला वाटलं, मावशी आता झडप घालून घेईल. पण मावशीने हात मागेच ठेवला!

"एक अट आहे," ती ताठ उभी राहून म्हणाली. "तुमच्या सगळ्या गाड्यांचे दिवे आधी चालू करा. प्रवासी घाबरले तर मी समजावीन त्यांना. पण आंधळ्या गाडीत मी बसणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला बसूही देणार नाही."

"मावशी!" शैलजा नाचायचीच बाकी राहिली.

"मंजूर," भय्यासाहेब म्हणाले. मग त्यांनी शैलजाच्या डोक्यावर हात ठेवला. "ही जिद्द कुठून आली, ते समजलं आज. शाब्बास गं पोरींनो! शाब्बास श्रीरंग!"

"मी शपथ घेतली होती, हरले तर गॅरेजात पाऊल टाकणार नाही म्हणून," शैलजा गुणवंतजींना म्हणाली. "जिंकले, म्हणजे आता तर यावंच लागेल."

"ये बाई," गुणवंतजी हात जोडत म्हणाले. "पण येताना ती गाळणी घेऊन ये. मले शिकायची आहे."

रविवारी व्हॅन माणसांनी गच्च भरली. तिघांना मागच्या बाकावर कशीबशी जागा मिळाली. वाटेत खड्डा आला, पिवळा दिवा लुकलुकला, आणि पुढच्या बाकावरच्या एक आजीबाई दचकल्या.

"काही नाही आजी, तो रस्ता आहे," मावशी शांतपणे म्हणाली. दिवा विझला.

मग बरगीचा चढ लागला. मावशीने गिअर बदलला. शैलजाने श्वास रोखून धरला. पुढे एक ट्रक रखडत चालला होता. मावशीने हॉर्न दिला, बाजू बघितली, आणि व्हॅन एका दमात ट्रकच्या पुढे निघून गेली.

मागच्या बाकावर तिघांनी टाळ्या वाजवल्या. टाप, टाप, टाप, टाप! आरशात मावशी हसताना दिसली, आणि मग गाडीतल्या साऱ्यांनीच टाळ्यांचा ठेका धरला.