बापाचं झाड

दुपारचे तीनच वाजले होते, पण नोव्हेंबरात आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, तेव्हाच दिवस मावळतो. मी आईला काळा पाव पोचवायला निघाले होते. जंगलातल्या वळणावर स्प्रूसच्या, त्या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, चिकाचा वास आला, ताजा, दाट. बघते तर बापाचं झाड आडवं पडलेलं. माझा धाकटा भाऊ वेइयो त्याच्या फांद्या छाटत होता. बापाचं नाव कोरलेली साल मात्र कोणीतरी सोलून नेली होती.

त्या झाडाला हात लावायचा नसतो. बापाची शवपेटी चर्चकडे नेताना आम्ही तिथे थांबलो, झाडाच्या खालच्या फांद्या तोडल्या, खोडावर त्याचं नाव कोरलं. मेलेला माणूस घरी यायला निघाला की वाटेत आपलं झाड बघतो आणि मागे फिरतो. आमचा बाप तर नक्कीच निघाला असता. तीस वर्षं त्याने आईला मारलं. पायाने लंगडा होता मेला, हाताने नव्हता.

"गाढवा! अख्ख्या जंगलात तुला हेच झाड दिसलं?"

"ओरडू नकोस, ताई. आईनेच सांगितलं."

"आईचं नाव पुढे करतोस? लाज वाटत नाही?"

"मग जा, तिलाच विचार..."

तो पाव त्याच्या थोबाडावर मारावासा वाटला. पण मी धावत सुटले. वाटेवरच्या ताज्या बर्फात पावलं उमटली होती, डावं फरफटत गेलेलं. पाय पुसायला दारात पसरलेल्या स्प्रूसच्या डहाळ्या तुडवल्या गेल्या होत्या. परतीची पावलं नव्हती.

आई टेबलाशी ताठ बसली होती. समोरचं बाकडं रिकामं, पण त्याच्याखाली बर्फाच्या पाण्याचं थारोळं.

"दार लाव, सायमी."

"आई... तो आलाय?"

"मीच येऊ दिलं. तीस वर्षं मला तोंड उघडू दिलं नाही. आणि मेला कसा, तर झोपेत, सुखाने! मग मी बोलायचं कधी?" तिचा आवाज थरथरत होता, पण ती घाबरलेली नव्हती.

मी दार लावलं, तेव्हा ती साल दिसली. दाराच्या आतल्या अंगाला, बापाच्या नावासकट, चार खिळ्यांनी ठोकलेली. आता बाहेर पडायला गेला तरी तो इथूनच मागे फिरणार होता.

माझ्या डोळ्यांदेखत कडी हळूच वर उचलली गेली. मग खाली पडली. पुन्हा वर... पुन्हा खाली.

"जाऊ दे ना त्याला..." मी कुजबुजले.

आईने टेबलावर मूठ आपटली. "बस खाली! माझं संपलं नाही अजून."

मी पाव ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. मलाही खूप बोलायचं होतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्यासाठी आम्ही वाटेत झाड छाटून नाव कोरलं नाही, तिनेच बजावलं होतं. आता या घरात मी राहते. दिव्याजवळ सरका, कॉफी घ्या. आणि कडी वाजली तर उठू नका. आईचं अजून संपलेलं नाही.