जास्तीचं ऊन

फडकं हातातून निसटलं, ते पकडायला ती वाकली आणि कोपराचा धक्का लागून आरसा जरासा फिरला. झालं एवढंच. पण खाली गल्लीच्या तोंडाशी एक माणूस मान वर करून उभा होता आणि आरशातलं सगळं ऊन नेमकं त्याच्या डोळ्यांवर जाऊन पडलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, तशी काखेतली पेटी धाडकन फरशीवर आपटली.

तिनं जीभ चावली आणि घाईघाईनं आरसा जागेवर आणला. गल्ली तिला तिरीप म्हणायची. चालायला लागल्यापासून ती मनोऱ्यावर आरशापाशीच असायची, म्हणून तिरीप. आता चांगली लग्नाची झाली होती, पण नाव काही बदललं नाही.

आता हे आरशाचं प्रकरण आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या आरशानंच घडवलं. शहर होतं गडगंज. तिथल्या घरांच्या भिंतींमधून गरम पाणी खेळायचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना जिने चढावे लागू नयेत म्हणून पाण्याच्या जोरावर वर-खाली होणारे पाळणे होते. रस्ते रोज सकाळी धुतले जायचे, उकडायला लागलं की वारा खात्याची माणसं छपरांवरच्या झडपा उघडायची. तांब्याचे घुमट, घुमटाघुमटांना जोडणारे पांढऱ्या दगडाचे पूल... बघत राहावं असं सगळं. फक्त इमारती इतक्या उंच, की खालच्या गल्ल्यांत ऊन म्हणून पोचायचं नाही. मग शहरानं ऊन खातं काढलं. घुमटावरचं ऊन मनोऱ्यावरच्या आरशात यायचं आणि आरसेवालीनं ते सूर्याच्या चालीनं वळवत खाली गल्लीत सोडायचं. तिरीपच्या गल्लीत सगळी रफू करणारी माणसं. दुपारचं ऊन दारात आलं की सुया निघायच्या, ऊन गेलं की काम बंद. तिला वाढवलं ती आत्याही त्यांच्यातलीच.

तर तो माणूस धापा टाकत जिना चढून वर आला.

"तुम्ही ऊन सोडता की फेकून मारता?"

"तुम्हीच मध्ये उभे होतात. ऊन आपलं सरळ येत होतं."

"सरळ? माझ्या डोळ्यांपुढे अजून हिरवे ठिपके नाचताहेत. तुमचा चेहरासुद्धा धड दिसत नाहीये."

"मग ऊन मीच सोडलं हे कसं कळलं?"

"हातात फडकं आहे ना. आणि..." तो डोळे चोळत थांबला. "ठिपक्यांमधून जेवढं दिसतंय, तेवढं बरं दिसतंय."

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण तिला हसू आलं आणि ते लपवायला ती उगाचच पुसलेला आरसा पुन्हा पुसायला लागली.

तो ऊन खात्याचा मोजणीदार निघाला. रोज दुपारी गल्लीच्या कोपऱ्यावर बसायचं, पांढऱ्या पाटीवर काळी काच ठेवायची, तिच्यावर दुसरी, मग तिसरी... जितक्या काचांतून पाटी दिसेल तितकं ऊन. हंगामभर त्याचं हेच काम होतं.

"आणि मोजून काय करता?" तिनं विचारलं.

"वर कळवतो. पुढे वरचे काय करतात ते वरच्यांनाच ठाऊक."

दोघंही हसले. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावर बसला, तेव्हा तिनं वरून पाहिलं. दोन उंच भिंतींमधून तिथे बोचरा वारा यायचा. तो काच उचलायचा, बोटांवर फुंकर घालायचा, पुन्हा काच उचलायचा. तिला राहवलं नाही. समोरच्या कोऱ्या भिंतीवर वाया जाणारं थोडंसं ऊन होतं, ते तिनं कोपऱ्याकडे वळवलं. कुणाचं काय जात होतं? त्यानं वर पाहिलं नाही, फक्त तळहात उंचावून त्या उन्हात धरला. मग रोजच तिनं ऊन वळवावं आणि त्यानं तळहात वर करावा, असं होऊन बसलं.

"ही गल्ली रोज इतकी उजळ असते?" एकदा त्यानं खालून ओरडून विचारलं.

आरसेवालीचा शब्द मोजणीदारानं खरा धरायचा असतो, तशी खात्याची रीतच होती. तिलाही ते माहीत होतं. पण आवडत्या माणसानं असं मान वर करून विचारल्यावर कुणाला रीत आठवते?

"आमची गल्ली आहेच तशी," ती म्हणाली. "तुम्हाला आज दिसली?"

तो हसला, मान हलवली आणि माप लिहून घेतलं.

कोपऱ्यावरून उठला की तो आत्याच्या दारात डोकावायला लागला. आधी कोटाचं कोपर फाटलं म्हणून, मग दुसरं कोपर फाटलं म्हणून.

आत्यानं कोट उजेडात धरला. "हे भोक पडलेलं नाही हो, पाडलेलं आहे."

"मोजणीचं काम... कोपर घासतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"घासतं खरं. आणि नजर सारखी जिन्याकडे जाते, तीही मोजणीमुळेच ना?"

तिरीप आतून पाणी घेऊन येत होती, ती तशीच मागे वळली. आत्या मात्र त्या दिवसापासून खुशीत होती. तिच्या डोळ्यांपुढे हल्ली जाळं धरायचं, भर उन्हाशिवाय सुईत दोरा जात नव्हता, पण पोरीचं भलं होताना बघायला तेवढी नजर पुरे, असं ती शेजारणींना सांगत सुटली.

हंगाम संपत आला, तेव्हा तो पुन्हा मनोऱ्यावर चढला. बराच वेळ कठड्यावर बोटं वाजवत उभा राहिला.

"मला ना... रोज कुणीतरी डोळे दिपवावेत असं वाटतं," तो म्हणाला. "कुणीतरी म्हणजे... तू."

"उगीच डोळे जातील."

"गेले तर गेले."

"मग दिपवीन," ती म्हणाली. तेवढं पुरेसं वाटलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, "जन्मभर दिपवीन." त्यानं तिचा हात हातात घेतला. फडकं अजून तिच्या मुठीतच होतं आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"आणि राहायचं कुठे त्याची काळजी नको," तो उत्साहानं सांगायला लागला. "नवी इमारत मंजूर झालीय. तळमजल्यावर खात्यातल्या लोकांना खोल्या आहेत, आत्यालाही तिथेच आणू. ती जागा बघ, घुमटाच्या अलीकडे... तुझ्या अगदी समोर."

तिनं बोटाच्या दिशेनं पाहिलं. "तिथे इमारत आली तर माझ्या आरशावर ऊन कुठून येणार?"

"अगं, तुमच्या गल्लीत ऊन जास्तीचं आहे ना. मनोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला छोटा आरसा आहे, त्याच्यावर सहज भागेल, असं मापातूनच निघालंय. माझ्याच मापातून." त्याला केवढा अभिमान वाटत होता. "एवढी उजळ गल्ली सगळ्या शहरात नाही, म्हणाले साहेब."

ते जास्तीचं ऊन तिनंच कोपऱ्यावर वळवलेलं होतं. तो हात दाबून, हसत जिना उतरून गेला आणि ती कठडा धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठा आरसा थोडा वेळ गल्लीवरून बाजूला वळवला आणि छोट्या आरशाचं ऊन तेवढं राहू दिलं. खाली आत्यानं सुई डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग दोरा मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. शेजारच्या दारातही तेच चाललं होतं. तिरीपनं आरसा जागेवर आणला आणि थेट ऊन खात्यात गेली.

"समजा, एखादं माप चुकलंच," तिनं मोठ्या साहेबांना विचारलं, "तर?"

"मोजणीदारानं स्वतः येऊन मागे घ्यायचं. दुसऱ्या कुणाच्या बोलण्यानं माप बदलत नाही." साहेबांनी चष्मा काढला. "पण घेणार कोण? माप मागे घेणाऱ्याला काचा जमा करून शहराच्या पश्चिम दरवाजातून बाहेर पडावं लागतं. परत येणं नाही. हे पूल, हे घुमट, सगळे कुणाच्या ना कुणाच्या मापावर उभे आहेत, बाई. तिथे चूक चालत नाही. का, काही झालंय?"

"नाही. सहज विचारलं."

घरी येताना तिला सगळं लख्ख दिसत होतं. गप्प बसलं तर तो मिळतो आणि गल्ली अंधारात जाते. खरं सांगितलं तर गल्ली वाचते आणि तो जातो. तो खरं ऐकून गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हता, हेच तर तिला त्याच्यात आवडलं होतं. म्हणून ती गप्प बसली. काही दिवस बसली. तो यायचा, नव्या खोल्यांच्या खिडक्या कुठे असतील ते खडूनं फरशीवर काढून दाखवायचा आणि ती हो-हो म्हणायची. आत्यानं तर तिच्यासाठी विणलेल्या काठाची साडी करायला घेतली. रोज दुपारी डोळे ताणत त्या काठावर वाकलेली ती म्हातारी बघितली की तिरीपला घास गिळवत नसे.

शेवटी ती गल्लीच्या कोपऱ्यावर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इथे इतकं ऊन नसतंच," ती म्हणाली. "तू बसायचास तेवढ्यापुरतं मी वळवत होते. तुझी बोटं गारठायची म्हणून."

त्यानं हातातली काच खाली ठेवली. "पण मी विचारलं होतं तुला..."

"मी खोटं बोलले."

"आणि मला वाटायचं, तळहातावर पडतं तेवढंच ऊन तुझं." त्यानं पाटी उचलली, तिच्यावरून हात फिरवला. "म्हणजे मी हंगामभर मोजलं ते..."

"माझं तुझ्यावरचं..."

तो हसला. त्यापेक्षा त्यानं चार शब्द सुनावले असते तर तिला सोसलं असतं.

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं," तो म्हणाला.

"बसले होते. इतके दिवस बसले होते. नाही जमलं."

"मलाही नाही जमणार."

"ठाऊक आहे मला." ती रडायला लागली. "मी येते तुझ्याबरोबर."

"आणि आरसा? आरसेवाली नसलेल्या गल्लीचं ऊन बंद होतं. तुझ्यामागे शिकलेलं कुणी नाही. मग मी जाऊन उपयोग काय?" त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खात्यात तुझं नाव निघणार नाही. माझ्या काचा मळल्या होत्या, एवढंच सांगेन."

"मला नकोय रे हे ऊन."

"मलाही नको होतं. पण आत्याला हवंय."

त्यानं माप मागे घेतलं. इमारत रद्द झाली. मोजणीदाराला भूल पडली म्हणजे आरसाही बाजूला सरकत असेल, असं म्हणून खात्यानं तिच्या आरशाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खिट्ट्या ठोकल्या. आता आरसा सूर्याबरोबर वर-खाली व्हायचा, पण कोपऱ्याकडे तसूभरही वळायचा नाही.

तो निघाला त्या दुपारी गल्लीत ऊन होतं. पश्चिम दरवाजाची वाट तिथूनच जायची. गल्लीतल्या माणसांना आतलं काय माहीत? आपलं ऊन तोडायला निघालेला माणूस, एवढंच त्यांना कळलं होतं. त्याला बघून कुणी पाठ फिरवली, कुणी दारातून थुंकलं. एकटी आत्या दारात उभी राहिली आणि तिनं त्याच्या कोटाचं कोपर हातानं चाचपून पाहिलं, रफू टिकलंय ना ते. त्याला वाकून नमस्कारही करू दिला नाही, नुसता जवळ घेतला.

वर तिरीप सारा जोर लावून आरसा ढकलत होती. खिट्टी हलेना. तो कोपऱ्याशी पोचला, रोजच्या जागी थांबला आणि सवयीनं तळहात उचलला. कोपरा काळाकुट्ट होता. त्याच्या हातावर काही आलं नाही.

तिला त्याला एवढंसुद्धा ऊन देता येत नव्हतं. त्याला नाही तर थोडा वेळ कुणालाच नको, म्हणून तिनं अंगावरची ओढणी ओढून काढली आणि आरशावर टाकली.

अख्खी गल्ली विझली, छोट्या आरशाचा पुसट उजेड तेवढा उरला. "अरे, हे काय झालं?" "आभाळ आलं की काय?" असा गलका उठला. सुया जागच्या जागी थांबल्या.

"राहू दे," अंधारात आत्याचा आवाज आला. "जरा वेळ राहू दे. कुणी वर ओरडू नका."

अंधारात तो तसाच हात वर धरून उभा होता. हळूहळू त्यानं मूठ मिटली. मग ती मूठ छातीशी धरून तो दरवाजाकडे चालायला लागला.

ओढणी काढली तेव्हा वाट रिकामी होती. गल्लीत लख्ख ऊन पडलं, माणसं पुटपुटत पुन्हा कामाला लागली आणि आत्यानं एकाच खेपेत सुईत दोरा ओवला. तिरीपला रडायलाही सवड नव्हती. सूर्य सरकला होता, आरसा खाली करायला हवा होता.