गार हात

घड्याळाचा सेल बदलायला म्हणून ती समोर दिसलेल्या दुकानात शिरली, आणि काउंटरमागच्या माणसाने मान वर केली तशी जागच्या जागी थबकली.

"अरे, शॉकवाल्या बाई!" तो हसला. "या, या. पुन्हा झटके द्यायला आलात की काय?"

आठच दिवसांपूर्वी तो दवाखान्यात तिच्या तपासणीच्या खोलीत बसला होता. बोटांना मुंग्या येतात म्हणून. नसा तपासणं हे तिचं रोजचं काम... मनगटावर विजेचा बारीक झटका द्यायचा आणि तो निरोप नसेतून बोटापर्यंत किती वेगाने पोचतो, ते मोजायचं.

भिंतीवरची घड्याळं उतरवलेली होती. खोकी दोरीने बांधलेली.

"हे काय?" मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवत तिने विचारलं.

"दुकान आवरतोय. नस मंदावलीय म्हणे, तुमचाच कागद सांगतो. केसाएवढी स्प्रिंग हातून निसटली तर? लोक आजोबांची आठवण विश्वासाने सोपवून जातात, बाई. त्यापेक्षा काकांच्या दुकानात कापड फाडलेलं बरं."

तिला ती तपासणी आठवली. त्या सकाळी तो थंडीतून गाडी चालवत आला होता. हात बर्फासारखा. गारठलेली नस निरोप हळू नेते, म्हणून आधी हाताचं तापमान मोजायचं, गार असला तर शेकायचा. हे ती झोपेतही सांगेल. पण तेवढ्यात तो म्हणाला होता, "इतक्या हळुवारपणे कुणी माझा हात धरला नव्हता हो..." आणि ती कानापर्यंत लाल झाली होती. भराभर तपासणी उरकली होती. तापमानाच्या चौकटीत न मोजताच 'बत्तीस' अंश, म्हणजे पुरेसा ऊबदार, असं लिहून टाकलं होतं.

रोज देवापुढे दिवा लावताना खरं बोलायची बुद्धी मागणारी ती!

"तो कागद... खोटा आहे," ती कशीबशी म्हणाली. "तुमचा हात गार होता. मी मोजलाच नाही."

त्याचं हसू मावळलं. "आठ दिवस मी चिमट्याला हात लावला नाही, बाई."

"चूक माझी. डॉक्टरांना मीच सांगते. उद्या याल?"

उत्तराची वाट न बघता, घड्याळ तिथेच विसरून ती बाहेर पडली.

डॉक्टरीणबाईंना तिने सगळं सांगितलं, अगदी लाल झालेल्या कानांसकट. त्या म्हणाल्या, "मोठी चूक आहे. पुन्हा कर. आणि या वेळी लाज दाराबाहेर ठेव."

दुसऱ्या दिवशी तो आला. तिने कोमट पाण्यात त्याचा हात ठेवला, दहा मिनिटं, मान खाली घालून. मग मोजलं – बत्तीस. मग झटका. यंत्रावर आकडा उमटला: सेकंदाला त्रेपन्न मीटर. मागच्या वेळी चाळीस होता.

"नस ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मनगट वाकवून तासन्‌तास बसता, म्हणून मुंग्या. पट्टी बांधा... आणि मला क्षमा करा."

त्याने खिशातून तिचं घड्याळ काढलं. टिकटिकत होतं.

"खोकी सोडली सगळी. कालच."

"कालच? पण तपासणी तर आज..."

"आपली चूक स्वतःहून कबूल करणारं माणूस दिसलं, मग कागद कशाला हवा?" तो घड्याळ बांधायला पुढे झाला. "द्या हात... अहो, हा तर केवढा गार! तापायला किती वेळ लागतो म्हणालात?"

"दहा मिनिटं," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

पण हात तिने मागे घेतला नाही.