निर्दोष जीभ

आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, तरी महिपतीनं तोंडातून ब्र काढला नाही. भाकरी कुस्करून त्यानं मुकाट्यानं खाल्ली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्याला. त्याची बायको रेश्मा समोर बसून त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

"खारट झालीया न्हवं?"

"न्हाई. झ्याक झालीया."

"मग दुसरा तांब्या कशाला भरताय?"

महिपतीनं तांब्या तसाच खाली ठेवला. बिचाऱ्याला धड खोटंही बोलता येत नव्हतं. गेल्या शुक्रवारी रेश्मा घोडके कोर्टातून निर्दोष सुटली होती, आणि तिला आता मीठ, साखर आणि राख यांतला फरक कळत नव्हता.

रेश्मा कारंडेमळ्याच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नियम असा की वाढण्याआधी स्वयंपाकिणीनं घास चाखायचा आणि चव नोंदवहीत वेळ टाकून सही करायची. आता खरं बोलायचं तर किती शाळांत चाखतात हो? सोमवारी बसायचं आणि शनिवारपर्यंतच्या सह्या ठोकून मोकळं व्हायचं! रेश्मा मात्र रोज चाखायची. त्या दिवशीही तिनं चाखली आणि जिभेवर औषधासारखा कडवटपणा आला. तेल नव्या डब्यातलं होतं. तिनं वहीत लिहिलं, 'कडू आहे, वाढू नये', आणि मुख्याध्यापक भोकरे सरांकडे धावली. सरांकडे नेमके तपासणीचे साहेब बसलेले. "काही होत नाही, वाढा," सर म्हणाले. ती तिथं हुज्जत घालत राहिली आणि इकडे सरांच्या सांगण्यावरून शिपायानं पंगत वाढूनही टाकली.

एकेचाळीस पोरं आजारी पडली. दुसरीतली तनुजा गेली. वहीतलं ते पान संध्याकाळपर्यंत गायब झालं, आणि न चाखताच वाढल्याचा खटला रेश्मावर उभा राहिला. शिपाई शपथेवर खोटं बोलला.

तिच्या वकील शेंडगेबाईंनी मग स्मरणवाचकाचा मार्ग सुचवला. ते यंत्र चालवणारा तज्ज्ञ शांत आवाजात सगळं समजावून सांगत होता.

"मेंदूत प्रत्येक चवीची खूण राहते, ताई. यंत्र ती खूण उजळवून वाचतं. तुम्हाला कडू लागलं, आणि त्या चवीला जोडून जे पाहिलं, लिहिलं, बोललं गेलं, सगळं पडद्यावर येईल. पण उजळलेल्या पेशी पुन्हा कामाला येत नाहीत. कापूर पेटवल्यावर मागं काय उरतं?"

"म्हंजे जीभ जाणार?"

"जीभ राहील. चव जाईल, आणि वासही."

"आणि वाचून न्हाई घेतलं तर?"

"दहा वर्षं," शेंडगेबाई म्हणाल्या.

"परत बसवता येत न्हाई व्हय?"

"येतं. पेशीरोपण करतात. चौदा लाख लागतात."

रेश्मा चक्क हसली. "मग कशाला भ्यायचं? मी सुटले की सरकारच करील की ते. आळ त्यांनी घेतलाय, निस्तरायचं त्यांनीच."

शेंडगेबाई गप्प बसल्या. त्या का गप्प बसल्या, एवढं रेश्मानं विचारायला हवं होतं. पण साध्या माणसांची ही जुनीच खोड. जे न्यायाचं तेच कायद्यात लिहिलेलं असणार, असं धरून चालतात.

वाचनात सगळं आलं. कडवट घास आला, वहीतली ओळ आली, 'वाढा' म्हणणारे सर आले. सरांना आरोपी केलं गेलं. त्यांनी कानांवर हात ठेवले, तेव्हा त्यांच्या ऐकण्याच्या पेशी वाचल्या गेल्या आणि ते ठार बहिरे झाले. शुक्रवारी निकाल लागला. सरांना सात वर्षं. रेश्मा निर्दोष, तिला कामावर परत घ्यावं असा आदेश.

कागद घेऊन ती लगेच कोर्टाच्या खिडकीशी गेली. "माझी चव कधी बसवणार?"

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "बचावाचा खर्च ज्याचा त्यानं सोसायचा असतो, बाई."

"आन् भोकरे सरांचे कान?"

"ते कैदी आहेत. कैद्याच्या तब्येतीची जबाबदारी सरकारची. पुढच्या महिन्यात त्यांचं रोपण आहे."

"मग मलाबी दोषी धरा!"

"आता कसं धरणार?" कारकून समजुतीनं म्हणाला. "तुम्ही तर निर्दोष असल्याचं सिद्ध झालंय."

वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथं चोरही धरला, संन्याशालाही सोडलं, आणि सुळीचा खर्च तेवढा संन्याशाच्या माथी मारला.

सोमवारी रेश्मा शाळेत रुजू झाली. वकिलांच्या फीपायी म्हैस विकली होती, घरी बसून भागणार नव्हतं. खिचडी शिजली. तेलाचा डबा आजही नवाच होता. नाक डब्यात घालून पाहिलं तरी काही कळेना. शेवटी घास घेऊन ती नव्या मुख्याध्यापिका कुंभारबाईंकडे गेली.

"बाई, मला चव लागत न्हाई. तेवढा एक घास बघता का?"

कुंभारबाईंनी आधी दार लोटलं. "हे मी ऐकलं नाही, रेश्माताई. चव न कळणारी स्वयंपाकीण अपात्र ठरते. मी ऐकलं, तर मला वर कळवावं लागेल."

"घासच बघा की नुसता. पोरं जेवणार हाईत, बाई."

"आणि उद्या काही झालं तर? मग माझी जीभ वाचतील." बाईंनी दाराला कडीही घातली. "मला घरी दोन लेकरं आहेत हो. या शाळेत आता कोणी चाखणार नाही. शिपायालाही विचारू नका."

रेश्मा परत आली. तो घास तिनं स्वतःच्या तोंडात टाकला. ऊन लागला, मऊ लागला, बाकी काही नाही. पुन्हा एक घेतला, पुन्हा तेच. तिला रडू फुटलं, पण बाहेर ताटांचा खणखणाट सुरू झाला होता. तिनं वही ओढली. अकरा चाळीस. 'चव चांगली.' खाली सही केली. ज्या गुन्ह्यातून सुटायला तिनं जीभ जाळली होती, तोच गुन्हा तिनं आज स्वतःच्या हातानं केला.

रांगेत पहिली ओवी होती, गेलेल्या तनुजाची धाकटी बहीण. यंदाच पहिलीत आलेली. तिनं ताट पुढं केलं नाही, छातीशी धरून ठेवलं.

"मावशी, आईनं विचारायला सांगितलंय. तू चाखलीस न्हवं?"

"चाखली गं बाई."

"मग कशी लागली?"